तमिळ मीरा तमिळमध्येच दाखवा

आषाढीच्या सुमारास संतपटांचे खेळ लावणाऱ्या सर्व चित्रपट मंडळांच्या कार्यकर्त्यांना,

सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे, तेव्हा मागणी आधीच सांगून टाकते. यंदाच्या यादीत १९४५ चा तमिळ 'मीरा' घ्या. एम. एस. सुब्बुलक्ष्मींचा. आणि घ्याल तो तमिळच घ्या, खाली मराठी ओळी देऊन. त्याची हिंदी आवृत्ती आहे हे मला माहीत आहे. गेल्या वर्षी एका मंडळाच्या चिटणिसांनी मला फोनवर तेच ऐकवलं. "अहो ताई, हिंदीत आहे ना तो? मग तमिळचा आटापिटा कशाला? लोकांना कळायला नको का?" माणूस सज्जन होता, घाईत होता. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि पुढचे दोन दिवस भाजी निवडताना, लोकलच्या रांगेत, मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत राहिले. ते भांडण आता कागदावर उतरवते आहे.

तुमची यादी मला पाठ आहे, कारण मी नेमाने येते. 'संत तुकाराम' असतोच, आणि असायलाच हवा. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले की मागच्या रांगेतले आजोबा अजून हात जोडतात. मग 'संत ज्ञानेश्वर', मग 'संत सखू'. सखू १९४१ ची, हंसा वाडकरांची. तिला गर्दी जरा कमी होते, ते एक असो. पण बाईमाणूस म्हणून यादीत एकटी सखू, आणि भाषा एकटी मराठी. कुणाला वाटावं, संतपट नावाचा प्रकार प्रभातच्या आवारात जन्मला आणि तिथल्या फाटकाबाहेर कधी पडलाच नाही.

प्रभातलाच हे पटलं नसतं. १९३४ मध्ये प्रभातने चक्क तमिळ बोलपट काढला होता, 'सीताकल्याणम्'. दिग्दर्शक आपले बाबूराव पेंढारकर. रामाच्या भूमिकेत एस. राजम, सीतेच्या भूमिकेत एस. जयलक्ष्मी, आणि ही दोघं सख्खी भावंडं. (त्यावरून मद्रासेत कुजबुज झाली नसती तरच नवल.) संगीत पापनाशम शिवन यांचं. त्यांचं चित्रपटातलं हे पहिलंच काम, आणि ते मराठी माणसांच्या कंपनीत झालं. याच शिवननी पुढे अकरा वर्षांनी 'मीरा'साठी गाणी लिहिली. म्हणजे तुमच्या यादीचं आणि मी मागते आहे त्या चित्रपटाचं नातं माझ्या हट्टातून आलेलं नाही, ते आधीच लागलेलं आहे.

बोलपटांच्याही फार आधीपासून हे येणं-जाणं चालू होतं. तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं, त्यांच्या आश्रयाने मराठी कीर्तन तिकडे गेलं. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर रामचंद्रबुवा तंजावरला चातुर्मासासाठी उतरले. त्यांची कीर्तनं ऐकून तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवं वळण दिलं. तिकडच्या हरिकथेत साकी आणि दिंडी या आपल्या पद्यरचना याच नावांनी आल्या. आपल्या मुलांना साकी-दिंडी म्हणजे काय हे आता विचारायची सोय नाही, तिकडे मात्र भागवतरांच्या तोंडी त्या अजून नांदताहेत. याच वाटेने आपली कऱ्हाडची सखू तिकडे गेली आणि सक्कुबाई झाली. 'सक्कुबाई' नावाचा तमिळ बोलपट १९३४ चा आहे. प्रभातच्या सखूच्या सात वर्षं आधीचा!

मी माटुंग्यात राहते. आमच्या मजल्यावर समोरच्या दारात मामी राहतात. त्या मामी साऱ्या चाळीच्याच, त्यामुळे नाव सांगायची गरज नाही. एकदा मी त्यांना मोठ्या उत्साहाने सखूची गोष्ट सांगायला बसले. अर्ध्यावर आले तर मामींनीच ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पुढची सांगितली: सखू पंढरीला गेलेली, इकडे विठोबा तिचं रूप घेऊन घरात पाणी भरतो, दळण दळतो, सासूचा मार खातो. "आमच्या पाट्टीने सांगितली," म्हणाल्या. आजीने. मामींच्या आजीला मराठीचा 'म' ठाऊक नव्हता.

त्यांनी आमची सखू ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी घरात घेतली, आणि आपण त्यांची मीरा अजून दारात उभी करून ठेवली आहे.

तुम्ही म्हणाल, मीरा त्यांची कशी? ती मेडत्याची, मेवाडची सून. अगदी खरं. पण तमिळ प्रेक्षकाला मीरा परकी वाटायचं कारण नव्हतं, कारण तिच्यासारखी एक मुलगी त्याच्या घरात हजारएक वर्षं आधीपासून होती. श्रीविल्लिपुत्तूरची आंडाळ. बारा आळ्वारांमधली, म्हणजे तमिळ विष्णुभक्त संतकवींमधली, एकटी स्त्री. बापाने देवासाठी गुंफलेला हार आधी स्वतःच्या गळ्यात घालून बघणारी, माणसाशी लग्न करणार नाही म्हणणारी, आणि शेवटी श्रीरंगमच्या मूर्तीत मिसळून गेलेली. तिचं 'तिरुप्पावै' मार्गळी महिन्यात पहाटे अजून म्हटलं जातं, तीस पदं, रोज एक. आमच्या मामी धनुर्मासात पहाटे दारात कोलम, म्हणजे रांगोळी, काढताना तेच गुणगुणतात. ज्यांनी आंडाळ ऐकलेली आहे त्यांना मीरा समजावून द्यावी लागत नाही. म्हणूनच हा चित्रपट राजस्थानी पोशाखात असूनही आतून पक्का तमिळ आहे.

आणि सांगायचं तर आपल्यालाही ती समजावून द्यावी लागू नये. मंगळवेढ्याची कान्होपात्रा आठवा. गणिकेची मुलगी, बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलेलं, आणि तिने विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडला. पंढरपूरच्या देवळात तिच्या नावाचं तरटीचं झाड दाखवतात. आंडाळ श्रीरंगात, मीरा द्वारकेत, कान्होपात्रा पंढरीत: तिघींचाही शेवट देवळाच्या आतच. बाहेर यायची तिघींचीही तयारी नाही.

कान्होपात्रेचं नाव मी उगाच काढलं नाही. सुब्बुलक्ष्मी १९१६ मध्ये मदुराईत जन्मल्या. आई षण्मुखवडिवू वीणावादक, घराणं देवदासी परंपरेतलं. ज्या घराण्यांतल्या मुलींचं देवाशी लग्न लावून दिलं जाई, तिथल्या एका मुलीने पडद्यावर राणी व्हावं, आणि त्या राणीने देवाशी लग्न स्वतःच्या मर्जीने लावून घ्यावं. चित्रपट याबद्दल चकार शब्द काढत नाही. काढायची गरजही नाही, पण हे माहीत असलं की पहिल्याच गाण्याला अंगावर काटा येतो.

निर्मिती त्यांचे पती टी. सदाशिवम यांची. त्याआधीच्या एका चित्रपटामागे एक साप्ताहिक होतं, हे मला फार आवडतं. 'कल्कि' नावाचं नियतकालिक १९४१ मध्ये काढायचं तर पैसा हवा, म्हणून सुब्बुलक्ष्मींनी 'सावित्री' नावाच्या तमिळ चित्रपटात काम केलं. काम कसलं, नारदाचं! पुरुषवेषात, वीणा घेऊन. आणि त्यातली सावित्री कोण? आपल्या शांता आपटे. 'कुंकू'मधली नीरा तमिळ शिकून मद्रासेत सावित्री झाली, आणि समोर एम. एस. नारद. या एका चित्रपटावर तुम्ही वेगळा कार्यक्रम करू शकाल. त्याच्या चार वर्षं आधी, १९३७ मध्ये, इकडे बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई'त मीरा झाले होते बालगंधर्व. म्हणजे आपल्याकडे पुरुष मीरा झाला, त्यांच्याकडे मीरा होण्याआधी बाई नारद होऊन आली. बाई-पुरुषाचा हिशेब भक्तीच्या गावात असाच गडबडतो. चित्रपटातला एक प्रसंग याच गोष्टीवर उभा आहे, त्याच्याकडे येतेच.

आधी दिग्दर्शकाबद्दल. नाव एलिस आर. डंगन. ओहायोचा अमेरिकन माणूस, लॉस एंजेलिसला सिनेमा शिकलेला, १९३५ मध्ये वर्गमित्र माणिकलाल टंडन याच्या सांगण्यावरून हिंदुस्थानात आला आणि पंधरा वर्षं मद्रासेत तमिळ चित्रपट करत बसला. तमिळ त्याला येत नव्हतं. एम. जी. रामचंद्रन यांचा पहिला चित्रपट 'सती लीलावती' याच्याच हातचा. 'मीरा'तही एमजीआर आहेत, छोट्याशा भूमिकेत. पुढे हा तरुण मुख्यमंत्री होणार आहे हे माहीत असल्यामुळे प्रेक्षक त्यांनाच शोधत बसतात. तुम्ही सूत्रसंचालकांना सांगून ठेवा, हे आधी सांगू नका म्हणावं.

डंगन आणि छायाचित्रकार जितेन बॅनर्जी यांनी चित्रीकरणाआधी सुब्बुलक्ष्मींच्या चेहऱ्याचा एक पुतळा करून घेतला, छातीपर्यंतचा. त्यावर दिवे फिरवून, उजेड कुठून पडला की हा चेहरा कसा दिसतो, याचा त्यांनी अभ्यास केला. आता चित्रपट बघताना हे लक्षात ठेवा. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड कधीच सपाट नाही. गालाच्या हाडाखाली सावली असते, डोळ्यांत एक बारीक ठिणगी असते, आणि ती गाताना तोंड वेडंवाकडं करत नाही म्हणून सगळा खेळ त्या उजेडाचा. नाटकी हावभाव तिला जमत नाहीत. साधे संवाद म्हणताना ती जराशी अवघडते, कधी कधी तर पाठ केल्यासारखं बोलते. गायला लागली की ते अवघडलेपण जातं. पागनिसांचंही असंच होतं, नाही का? अभिनय येत नसल्यामुळेच तुकाराम वाटणारा माणूस.

लहान मीरा झाली आहे राधा, सदाशिवम यांची मुलगी. गाणं चालू असतानाच लहान मीरा मोठी होते. मध्ये पाटी नाही, 'काही वर्षांनंतर' नाही. मूल गात होतं, आता बाई गाते आहे, सूर तोच. बाळकृष्णाच्या भूमिकेत कुमारी कमला आहे, पुढे भरतनाट्यमसाठी देशभर गाजलेली. तिचं नाचणं बघायला म्हणून जरी आलात तरी तिकीट वसूल.

राणा झाले आहेत व्ही. नागय्या. आपल्या ऐकीव गोष्टीतला राणा म्हणजे विषाचा पेला पाठवणारा खलपुरुष. इथे तसं नाही. इथला राणा बायकोवर जीव टाकणारा आहे. तिच्यासाठी देऊळ बांधणारा, आणि पुढे लोकलाजेपायी तेच देऊळ तोफांनी पाडायला निघालेला. नागय्यांनी त्याच्या आगेमागे पडद्यावर भक्त पोतना आणि त्यागराज केले होते, संतांच्या भूमिकांसाठीच हा नट ओळखला जाई. अशा माणसाला राणा केल्यामुळे गंमत अशी होते की घरातला पुरुष वाईट नाही, तरीही मीरेला घर सोडावंच लागतं. सखूची सासू दुष्ट म्हणून सखू सुटली की आपण टाळ्या वाजवतो. मीरेच्या वेळी टाळ्या वाजवता येत नाहीत. माझ्या मते स्त्री संतांवरच्या त्या काळातल्या सगळ्या चित्रपटांत ही गोष्ट इतकी अवघड करून कुणी सांगितलेली नाही. (कुणाला 'संत सखू' जास्त अवघड वाटत असेल तर खेळानंतरच्या चहाला भांडू.)

आणि तो प्रसंग. मीरा वृंदावनाला पोचते. गोस्वामींचं दार बंद. स्त्रीचं तोंड बघायचं नाही असा त्यांचा नेम. आपल्याकडे ही गोष्ट जीव गोस्वामींच्या नावावर ऐकलेली असते, चित्रपटात रूप गोस्वामी आहेत, सेरुकळत्तूर सामा यांनी केलेले. मीरा आवाज चढवत नाही. वृंदावनात पुरुष एकच, तो कृष्ण, बाकी आपण सगळ्या गोपी. दुसरा पुरुष इथे राहतो हे मला ठाऊक नव्हतं, एवढंच तिचं म्हणणं. आणि दार उघडतं. मी हा प्रसंग पहिल्यांदा बघितला तेव्हा मामी शेजारी बसून कॉफी पीत होत्या. त्या तमिळमध्ये काहीतरी पुटपुटल्या आणि हसल्या. काय म्हणालात विचारलं तर म्हणाल्या, "आता कसा गप बसला!"

चित्रीकरण मद्रासच्या न्यूटोन स्टुडिओत झालं, बाहेरची दृश्यं राजस्थानात, वृंदावनात, द्वारकेत. द्वारकेच्या देवळात परदेशी माणसाला प्रवेश नव्हता, म्हणून डंगनसाहेब काश्मिरी पंडिताचा वेष करून आत गेले असं सांगतात. युद्धाचे दिवस, कच्च्या फिल्मचा तुटवडा, सरकारने चित्रपटाला ११,००० फुटांची मर्यादा घातलेली. त्याचा फायदा आज तुम्हाला आहे. तमिळ बोलपट म्हटल्यावर तुम्ही तीन-साडेतीन तासांचा धसका घ्याल, पण युद्धकाळातले हे चित्रपट दोन तासांच्या आसपासच आटपतात. दुबळी बाजूही आहे. विनोदी पात्रांचे प्रसंग आज रेंगाळतात, दरबारातली कारस्थानं पुठ्ठ्याच्या महालात चाललेली कळतात. चालायचंच. आपल्या सालोमालोलाही आपण चालवून घेतोच की.

आता हिंदीचं. हिंदी 'मीरा' १९४७ मध्ये आला. सुरुवातीला सरोजिनी नायडू पडद्यावर येऊन सुब्बुलक्ष्मींची ओळख करून देतात. हे दृश्य सुंदर आहे, वाटलं तर तेवढंच वेगळं दाखवा. पण ओळख करून द्यावी लागते ती पाहुण्याची. तमिळ चित्रपटात कुणी कुणाची ओळख करून देत नाही, १९४५ च्या दिवाळीत लागला तेव्हा आवाज लोकांच्या घरचाच होता. दुसरं असं, की हिंदीत पुष्कळ ठिकाणी मीरेची पदं आहेत. ती आपण लताबाईंपासून आकाशवाणीच्या सकाळच्या कार्यक्रमापर्यंत सगळीकडे ऐकली आहेत, त्यामुळे कान सवयीने पुढे पळतात. तमिळमध्ये शिवन आणि 'कल्कि'चे संपादक कल्कि कृष्णमूर्ती यांनी गाणी नव्याने लिहिली, एस. व्ही. वेंकटरामन यांनी त्यांना चाली दिल्या. मीरा जर कावेरीकाठी जन्मली असती तर काय गायली असती, याचा तो शोध आहे. सवयीचं काहीच नसल्यामुळे आपल्याला नीट ऐकावं लागतं.

'काट्रिनिले वरुम् गीतम्' हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं, कल्किंचं. वाऱ्यावरून येणारं गीत. त्यात दोन शब्द आहेत, 'कल्लुम् कनियुम्'. मी मराठी करताना सरळ लिहून टाकलं, दगडाला पाझर फुटतो. मामींनी वही बघितली आणि मान हलवली. कल् म्हणजे दगड, बरोबर. पण कनि म्हणजे पाणी नाही, फळ. पिकलेलं. त्यांनी टोपलीतला चिकू उचलला, अंगठ्याने जरा दाबला आणि म्हणाल्या, "असा." दगड पिकतो. आतून मऊ होतो. मी पाझर खोडला. आता तिथे 'दगडही पिकतो' असं आहे, आणि कुणी व्याकरणाचं कारण देऊन ते बदलायला सांगितलं तर मी ऐकणार नाही.

तर वही तयार आहे. सगळी गाणी आणि निम्म्याहून जास्त संवाद मराठीत झाले आहेत, उरलेले पावसाआधी होतील. त्याचे पैसे नकोत. ओळी पडद्यावर चढवायचं काम तुमच्यातल्या कुणा तरुणाने करावं. एका वेळी दोनच ओळी, अक्षर ठळक, आणि आलाप चालू असेल तेव्हा पडदा मोकळा सोडावा, तिथे वाचण्यासारखं काही नसतं. ध्वनिवर्धक हॉलमधल्या लग्नाच्या पातळीवर नको. मध्यंतर गाण्याच्या मध्ये घेऊ नका, चहा थंड झाला तरी चालेल.

खेळ दुपारचा ठेवलात तर बरं. माटुंग्याहून आम्ही आठ-दहा जणी येऊ, त्यातल्या निम्म्यांना मराठी ओळींची गरज नाही. मामींचे गुडघे धरलेले असतात, जिना असेल तर आधी कळवा, आणि कडेची दोन आसनं राखून ठेवा. दुसरं माझं आहे. अंधारात त्यांना विचारत बसावं लागेल, कुठे काही सुटलं का.

आपली,
माटुंग्याहून नेमाने येणारी एक प्रेक्षक